तलावाची झडप आणि अध्यक्षांची पांढरी जोडी

मित्रांनो, आमच्या गावच्या तलावाच्या पाळीवर, बेशरमाच्या झुडपांत एक गंजकी लोखंडी झडप दिसते. ती मी. माझ्यासोबत कुणी सेल्फी काढत नाही, पण माझ्या नावावर दोन निवडणुका लढल्या गेल्या आहेत.

गोंदियातल्या एका वेल्डिंगच्या दुकानात मी जन्मले. काम साधं मिळालं. गावाची नाली जिथे तलावाला मिळते, तिथे उभं राहायचं. मी खाली असले की पावसाचं पाणी बाजूच्या खड्ड्यात वळतं. प्लास्टिक, गाळ, राईस मिलची काळी राख तिथे बसते आणि वरचं निवळ पाणी तलावात जातं. मला वर उचललं की सगळं थेट तलावात. म्हणून नगरपंचायतीनं नियम केला: पावसाळाभर झडप खालीच राहील. माझ्या उद्घाटनाला एक पाहुणे म्हणाले, "ही झडप म्हणजे तलावाची आई आहे." टाळ्या झाल्या. मग आईला सगळे विसरले. आईचं असंच असतं.

खड्ड्यातला गाळ दरवर्षी काढायचा असतो. तो कुणी काढला नाही. खड्डा भरला, पाणी मागे फिरलं आणि नगराध्यक्ष गोवर्धनभाऊंच्या मिलच्या आवारात शिरलं. आता गाळ काढायचा की नियम? गोवर्धनभाऊंनी नियम काढायचं ठरवलं. नियम उचलायला हलका असतो.

सभा पाळीजवळच्या समाजमंदिरात, भोंगा लावून झाली, म्हणून मला शब्दन् शब्द ऐकू आला. 'खालीच राहील' याऐवजी 'सोयीनुसार खाली राहील' एवढाच बदल होता. विरोधी पक्षाचे इंद्रकुमारजी ओरडले, "हा तलावाचा खून आहे!" मागे सत्तेत असताना हाच बदल त्यांनी आणायचा प्रयत्न केला होता आणि तेव्हा हेच वाक्य गोवर्धनभाऊ ओरडले होते. भाषणं तीच होती, फक्त खुर्च्या बदलल्या होत्या.

तलावाखालच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, ठेक्यानं धान करणारी निर्मलाबाई दारातूनच बोलली, "अध्यक्षसाहेब, मागच्या साली ही झडप कोनीतरी उघडी ठेवली, तं काळ्या पाण्यानं माह्या बांधीतला धान पिवळा पडला. आता तुमी नियमच बदलून राहिले. काऊन?"

"अरे बाई, राख म्हणजे खतच होय ना! टेन्शन कायले घेता?"

"मंग तुमच्या वावरात टाका ना ते खत."

सगळे हसले. हसता हसता हात वर झाले आणि ठराव पास झाला. मला उचलून साखळीनं बांधलं.

मग पोळा आला. आमच्याकडे मान असा, की गावच्या प्रमुखाची जोडी तलावात आधी धुतली जाते, मगच बाकीच्यांची. गोवर्धनभाऊंची जोडी तालुक्यात नावाजलेली, दुधासारखी पांढरी. पहाटेपासून पाऊस होता. मी वर टांगलेली आणि माझ्या खालून मिलची राख निवांत वाहत होती. गोवर्धनभाऊ नवं धोतर नेसून, फोटोवाला घेऊन आले. बैल पाण्यात गेले ते पांढरे. बाहेर आले ते म्हशी.

बाकीच्या लोकांनी आपापले बैल मुकाट्यानं बोअरवेलवर नेले. गोवर्धनभाऊंच्या गड्यानं साबण लावला, शाम्पू लावला. राख तेलकट होती, हटली नाही. पोळ्याच्या तोरणाखाली जोड्या पाहणाऱ्या एका पंचानं विचारलं, "ही जोडी कोनाची गा?"

"अध्यक्षाची."

"त्यायची तं पांढरी होती."

गर्दीतून निर्मलाबाईचा आवाज आला, "खत लागलं हाये जी, खत."

झुलीखालचे बैल शांत होते. गोवर्धनभाऊ नव्हते. त्यांनी तातडीची सभा घेतली आणि दुसरा ठराव केला: 'सणासुदीला झडप खाली ठेवणे बंधनकारक.' म्हणजे तलावाची इज्जत कॅलेंडर पाहून राखायची. निर्मलाबाईचा धान मात्र सण नसलेल्या दिवशीही तेच पाणी पीत होता.

गणपती बसले, मला खाली सोडलं. त्याच दुपारी निर्मलाबाई गुड्डू वेल्डरला घेऊन आली.

"खाली ठेवा असंच लिवलं ना? ठेव. अन् पक्की ठेव."

"मावशी, मंग सणानंतर उघडन कशी?"

"उघडाचा ठराव झाला हाये का कुठं?"

झाला नव्हता. गुड्डूनं ठिणग्या उडवत मला चौकटीला जोडून टाकलं. आता मला कापायचं तर सभेची एकमतानं मंजुरी हवी. इंद्रकुमारजी ती देईनात. तलावावरच्या प्रेमानं नव्हे. गोवर्धनभाऊंच्या मिलमध्ये पाणी साचलेलं पाहायला त्यांना आवडतं.

शेवटी गोवर्धनभाऊंनी मिलचा स्वतःचा ट्रॅक्टर लावून खड्ड्यातला गाळ काढला, आणि त्या कामाचं उद्घाटनही स्वतःच्याच हस्ते केलं. पाणी खड्ड्यात थांबू लागलं. मिलचं आवार कोरडं झालं. निर्मलाबाईच्या बांधीत आता धान निसवला आहे, लोंब्या बाहेर आल्या आहेत, आणि तो हिरवा आहे.

मित्रांनो, मी लोखंडाची आहे, फार शिकलेली नाही. पण एखादा नियम फार जाचतो असं कुणी सांगू लागलं, तर आधी त्याच्या बाजूचा खड्डा बघून या. बहुधा तो भरलेला असतो. मग फावडं उचला. मला नका उचलू.