रेल्वेनं गेलेला आजा

धम्मदीपा कॉलेजात असताना तिनं घरच्या आज्यालाही न विचारता इंटरनेटवर ठोकून दिलं होतं, की छप्पन्नच्या धम्मदीक्षेसाठी आपल्या रिठद गावची माणसं नागपूरला रेल्वेनं गेली. आता पीएचडी करताना त्याच्याच तोंडून कळलं, की आजा ग्यानबा सगळ्यांसोबत पायी गेला होता.

वाशीमच्या गाईडबाईंनी तिच्या प्रबंधातल्या 'पायी'वर काट मारली. "सतरा शोधनिबंधांत रेल्वे आहे."

"मॅडम, सतराही जणांनी माझंच उचललंय. ते चूक आहे."

"मग पुरावा दे. आजोबांची काय लिंक आहे?"

घरी तिनं आज्याला सगळं सांगितलं. ग्यानबा आपल्या भेगाळल्या टाचांकडं पाहत राहिला.

"रेल्वेनंच गेलो असन, माय. एवढे शिकलेले लोक खोटं कायले लिहितीन?"