करंगळीचं नख

तारामती नर्सनं बाळाचे दोन्ही पाय एका हातात धरून वर उचलले आणि दुपटं बाजूला सारलं. बाळाचं पोट पखालीसारखं तटतटलं होतं. दवाखान्यात येताना गाडीत हिरवी ओकारी झाली होती. आता त्याच्यात रडायचंही त्राण नव्हतं.

"बाळंतपण कुणी केलं?"

बाळाच्या आईनं, फरिदाबीनं, सासूकडं बघितलं.

"म्या," कुलसुमबी म्हणाली. "आमच्या बेंबळीतलं निम्मं गाव माझ्याच हातावर जन्मलंय."

"आणि हे दिसलं नाही? याला शी व्हायची जागाच नाही. नुसतं कातडं आहे वर. तुम्ही काय केलंत?"

"नजर उतरवली. एरंडेल पाजलं."

"मोरी तुंबलीय, आणि तुम्ही वरून घागरी ओतताय!"

खाटांवरच्या बायका माना वळवून बघू लागल्या. नर्सची नजर कुलसुमबीच्या उजव्या हातावर गेली. करंगळीचं नख चांगलं पेरभर वाढवलेलं होतं, टोकाला घासून घासून धार आणलेली. अडलेल्या बाईची पाणमोट फोडायला कुलसुमबीच्या आईनं राखलं होतं, तसंच तिनंही राखलं होतं.

"हे नख आहे की खुरपं?"

"अशाच एखाद्या खुरप्यानं तुमचीबी वाट मोकळी केली असंल, बाई."

एका खाटेवरून कुणीतरी हसलं. नर्स हसली नाही. तिनं डॉक्टरांना बोलावून आणलं. डॉक्टरांनी पोटावर बोटं टेकवून बघितलं, खाली निरखून बघितलं आणि म्हणाले, कातडं पातळ आहे, आत्ताच कापलं तर वाचेल.

"ओल्या जिवाला कापणार?" कुलसुमबी पुढं झाली. "न्हाय. आमी घरी नेतो."

"कापा, साहेब," फरिदाबी म्हणाली. गाडीत बसल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती. "आन् अम्मांना त्याला हात लावू देऊ नका."

कुलसुमबी बाहेर लिंबाच्या पारावर जाऊन बसली. चाँदपाशा, तिचा मुलगा, थोडा लांबच उभा राहिला. फरिदाबीला बाळंतपणाला येरमाळ्याला, माहेरी जायचं होतं. गावाची पोरं माझ्या हातावर आणि माझा नातू दुसरीच्या हातावर काय, असं म्हणून कुलसुमबीनंच तिला अडवलं होतं. आणि लोकांची पोरं ती तळहातावर पालथी घालून मानेपासून टाचेपर्यंत न्याहाळायची. नातू झाला तेव्हा मात्र तिनं मुलगा आहे एवढंच बघितलं, घाईघाईनं धुऊन गुंडाळलं आणि कानात अजान द्यायला बाहेर बापाकडं दिलं.

दवाखान्यातून एकदम बारीक रडणं ऐकू आलं. ते बराच वेळ चाललं होतं.

घरी सोडायच्या दिवशी नर्सनं फरिदाबीला समोर बसवून शिकवलं. हात साबणानं धुवायचे. गोडंतेल उकळून गार करायचं. करंगळी त्यात बुडवून हळूच आत घालायची, रोज, दात येईपर्यंत.

"नाहीतर जखम मिटेल आणि वाट बंद होईल. मग पुन्हा कापावं लागेल. ते या पोराला सोसायचं नाही. तो रडणारच. रडला म्हणून थांबायचं नाही."

फरिदाबीनं समोरच्या तेलाच्या वाटीत करंगळी बुडवली आणि लगेच बाहेर काढली.

"आणि तुम्ही," नर्स कुलसुमबीकडं न बघताच म्हणाली, "त्या नखासकट दहा हात लांब."

घर पिंजाऱ्याचं. चाँदपाशा ओसरीवर पिंजण लावून बसला, की पिंजणाची ताणलेली तात टंग टंग वाजायची आणि कापसाची तूस उडून घरभर बसायची. तो कामाला बसला की फरिदाबी बाळाला घेऊन आतल्या खोलीत जायची आणि दार लोटून घ्यायची. कुलसुमबी चुलीपाशी बसून ऐकायची. तातेच्या आवाजातूनही पोराची किंकाळी यायची. तिच्या हातातलं लाकूड तेवढ्यापुरतं थांबायचं.

दोघी एकमेकींशी कामापुरतंच बोलत.

"झालं का?"

"झालं."

मग एक दिवस तात वाजत राहिली आणि आतून काहीच ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच.

"चाँद, जरा थांबव ते."

तात थांबली. आत फरिदाबी बाळाला अंगाई म्हणत होती.

"वाजवू का आता?" चाँदपाशानं विचारलं.

"वाजव."

फरिदाबी पाण्याला गेली तेव्हा कुलसुमबी आत शिरली. कोनाड्यात तेलाची वाटी होती. तेलावर कापसाची तूस सायीसारखी बसली होती आणि ती कुठंही मोडलेली नव्हती. बाळ झोपलं होतं. तिनं वाकून दुपट्यावरूनच त्याच्या पोटाकडं बघितलं. पोट पुन्हा गच्च दिसत होतं. तिचा हात पुढं गेला आणि तसाच मागं आला.

फरिदाबी घागर घेऊन दारात उभी होती.

"हात लावलात?"

"न्हाय. तेलात तूस हाय."

फरिदाबीनं घागर खाली ठेवली.

"म्या बोट घातलं की तो माझ्याकडं बघून रडतो, अम्मा. माझ्याच्यानं होत न्हाय." मग तिचा आवाज चढला. "आन् हे कुणामुळं झालं? तुमी बघितलं असतं तर पहिल्याच दिशी नेला असता. येरमाळ्याला जाऊ दिलं असतं तर!"

कुलसुमबी बाहेर आली. पानदानातला अडकित्ता तिनं घेतला आणि मागल्या दारी जोत्यावर बसली. नख जुनं, शिंगासारखं टणक. पहिल्यांदा अडकित्ता नुसता निसटला. मग दातओठ खाऊन तिनं दाबला. नख तुटून मातीत पडलं. राहिलेली कड ती जोत्याच्या दगडावर घासू लागली, गालावर फिरवून बघू लागली, पुन्हा घासू लागली. तुकडा तिनं बोटानं माती उकरून पुरला.

शेजारची सारजाबाई भिंतीवरून हे सगळं बघत होती.

"अगं बया! हे काय केलंस? माझ्या सुनंचं दिस भरत आलं की!"

"दवाखान्यात न्या तिला."

"तूच सांगत व्हतीस, तिथं माणसं कापत्यात म्हणून."

"व्हय. कापत्यात."

तिनं चुलीवरचं कढत पाणी घेतलं आणि साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. धुतलेले हात तसेच ओले, वर धरून ती आत गेली. फरिदाबी बाळाला पोटाशी घेऊन कोपऱ्यात बसली होती. कुलसुमबीनं उजवा हात तिच्यापुढं धरला. करंगळी आता इतर बोटांसारखीच दिसत होती, थोडी उघडी पडलेली, टोकाला लाल झालेली.

फरिदाबीनं त्या बोटाकडं बघितलं. सासूच्या तोंडाकडं बघितलं नाही. उठून तिनं वाटीतलं तेल ओतून दिलं, दुसरं उकळून आणलं, आणि ते गार होईस्तोवर दोघी भिंतीला टेकून बसल्या. मग तिनं बाळाला दोघींच्या मधे ठेवलं.

"पाय धर. वर. नीट धर," कुलसुमबी म्हणाली.

"हळू."

"गप. आन् तू तिकडं बघ. त्याला माझ्याकडं बघून रडू दे."

बाळ किंचाळलं. ओसरीवरची तात मधेच थांबली.

"काय झालं गं?" चाँदपाशानं बाहेरून हाक दिली.

फरिदाबी भिंतीकडं तोंड करून बसली होती. बाळाचे पाय तिनं सोडले नव्हते.

"काय न्हाय," ती म्हणाली. "अम्मा हायत."