मोठ्या झालेल्या पेशी

तेविसाव्या पेप्टाइडनं तरी आपलं नाक राखावं, एवढीच तिची इच्छा होती. पीएच.डी.साठी दोन वर्षं ती प्रयोगशाळेत रक्ताच्या कॅन्सरच्या पेशी सांभाळत होती. या पेशींचं दुखणं असं की त्या कधी वयातच येत नाहीत. नुसत्या एकीच्या दोन, दोनाच्या चार होत राहतात. पेप्टाइड, म्हणजे यंत्रावर जोडलेली अमिनो आम्लांची छोटी साखळी, त्यांना मोठं करील का, हे तिला बघायचं होतं. आधीच्या बावीस साखळ्यांना पेशींनी भीक घातली नव्हती.

तेविसावी साखळी घातल्यावर पाचव्या दिवशी सकाळी पेशी मोजल्या, तर नेहमीपेक्षा निम्म्याच. "मेल्या वाटतं," म्हणत तिनं निळा रंग घातला. मेलेली पेशी निळी होते. इथे जवळजवळ एकही होईना! जिवंत होत्या, पण वाढत नव्हत्या. तिनं पेशींची काचपट्टी रंगवून मायक्रोस्कोपखाली धरली. गोल गरगरीत केंद्रकांना खाचा पडल्या होत्या, थेट वयात आलेल्या पांढऱ्या पेशींसारख्या.

ती धावतच तिच्या मार्गदर्शक मॅडमच्या खोलीत शिरली. "मॅडम, मोठ्या झाल्या!"

"कोण?"

"पेशी!"

अशा आरोळ्या मॅडमनी पुष्कळ ऐकल्या होत्या. "आणि तुलनेसाठी तीच आम्लं उलटसुलट जोडलेली साखळी? तिच्या बाटलीत काय?"

"तिथे धिंगाणा चालूच आहे."

मॅडमनी प्रयोगशाळेत येऊन सगळ्या काचपट्ट्यांवरचे नंबर चिकटपट्टीनं झाकले आणि शेजारच्या तंत्रज्ञाला मोजायला बसवलं. त्यानं शांतपणे दोनशे-दोनशे पेशी मोजल्या. तोवर हिनं नखं कुरतडून संपवली.

"या पट्टीत शंभरात सत्तर मोठ्या. बाकीच्यांत पाच-सहा," तो म्हणाला.

मॅडमनी चिकटपट्टी सोलली. तेवीस! कधी न हसणाऱ्या मॅडमनी तिचे हात धरून अशी गिरकी घेतली की चष्मा सिंकमध्ये जाऊन पडला.

तिनं आईला फोन लावून बातमी सांगितली.

"म्हणजे कॅन्सर बरा झाला?"

"नाही गं, बाटलीतल्या पेशी आहेत. औषध व्हायचं तर अजून खूप लांबचा पल्ला."

"मग काय झालं?"

"पेशी शहाण्या झाल्या, आई!"

"अगोबाई! चार थेंब तुझ्या दादासाठी आण. चाळिशी आली तरी..."

हसता हसता तिला उचकी लागली.

पुढे दोनदा प्रयोग केला, दोन्ही वेळा तेच. मग ती शोधनिबंध लिहायला बसली, तर पहिल्याच वाक्याला उद्गारचिन्ह पडलं. खोडायला मॅडमनी पेन उचललं, आणि राहू दिलं.