डोळे आधी काढायचे

या, जरा जवळ सरकून बसा. रफिलाची गोष्ट सांगतो. छोटीच आहे, पण ऐकलीत तर तुमच्याजवळ राहील.

आमच्या ओल्त नदीकाठच्या गावात संतांची चित्रं काचेवर काढतात, तीही मागच्या बाजूनं. म्हणून सगळा क्रमच उलटा. डोळे, भुवया, बारीक रेघा आधी. चेहऱ्याचा रंग नंतर. पाठीमागचा निळा सगळ्यात शेवटी. पुढून बघणाऱ्याला आधी लावलेलंच दिसतं, नंतरचं त्याच्यामागे झाकलं जातं.

रफिलाचा नवरा पंतेलिमोन सफरचंदं उतरायच्या दिवसांत गेला. मूलबाळ नाही. वर्षाच्या प्रार्थनेला त्याच्याच नावाच्या संताचं, औषधाची पेटी धरलेल्या त्या वैद्याचं चित्र देवळात द्यायचं आणि संताला नवऱ्याचे डोळे द्यायचे, एवढीच तिची इच्छा. चौसष्टाव्या वर्षी ती ओनिसिए मास्तरांकडे शिकायला बसली.

तीन काचा झाल्या. तिन्ही वेळा तिनं चेहराच आधी भरला.

मास्तरांनी तिसरी काच उलटून धरली. "अगं बाई, पुन्हा आंधळा केलास की गं संताला! स्वतः वैद्य, आणि त्यालाच दिसेना!"

शिकायला बसलेले सगळे हसले. मीही हसलो, देव मला क्षमा करो. रफिला हसली नाही.

"मी क्रम विसरत नाही, मास्तर. त्याचे डोळेच आठवत नाहीत मला."

"एक्केचाळीस वर्षं संसार केलास ना?"

"केला की. मी ताट वाढायचे आणि ताटाकडे बघायचे. तो जेवायचा, तोही ताटाकडेच बघायचा. कोण कुणाकडे बघतंय?"

मास्तरांनी काच पुसून तिच्यापुढे ठेवली. "मग आठवतं काय?"

"पापण्या. मान खाली घालून विळ्याला धार लावत बसायचा. एका पापणीवर तीळ होता."

"मग त्याच काढ. पापण्याही आधीच काढायच्या असतात."

तिनं काढल्या. संत पेटीत काहीतरी शोधत असल्यासारखा खाली बघत होता. पापणीवर तीळ.

वर्षाच्या प्रार्थनेला फादर इलारियोन बराच वेळ चित्रासमोर उभे राहिले. "रफिलाकाकू, देवळातल्या संतानं आल्यागेल्याकडे बघायला हवं. हा तर मानच वर करत नाही."

"कामात आहे तो, फादर."

"ते दिसतंय हो." त्यांनी तीर्थ शिंपडलं, आशीर्वाद दिला आणि चित्र घरी न्यायला सांगितलं.

तिनं ते जेवणाच्या टेबलासमोर लावलं. रविवारी मी पाव घेऊन गेलो, तेव्हा ताटातला मक्याचा सांजा गार झाला होता आणि ती भिंतीकडे बघत होती.

"अजून वर बघत नाही बघा," ती म्हणाली. "पण आता मी बघते."

आमच्याकडे वारलेल्यांची नावं त्यांच्या घरचे प्रार्थनेत गाऊन घेतात. पंतेलिमोनच्या नावाला तिचा एकटीचाच आवाज असतो. तुम्हीही कधी हात जोडाल, तेव्हा त्याचं नाव घ्या.