सालीतली संत्री

दाराची कडी दोनदा वाजली आणि थांबली.

भर दुपार. खालच्या खानावळीतली पंगत उठून गेली होती, गांधीबागेतले टांगेवालेही जरा गप्प झाले होते. भैयाजींच्या खानावळीवर उतारूंसाठी चार खोल्या. त्यातल्या कोपऱ्यातल्या खोलीत चार वर्षांची पुष्पी नुकती निजली होती. तिचे वडील मारोतराव आपल्या बहिणीच्या लग्नाचा बस्ता काढायला कापडबाजारात गेले होते.

लेकीला वारा घालणाऱ्या गोपिकेचा हात पंख्यावरच थबकला. दोनदा कडी वाजवून मुकाट उभं राहायचं, ही रीत साऱ्या नागपुरात एकट्या प्रयागमावशीची. आई गेल्यावर तिनंच गोपिकेला महाल भागातल्या आपल्या एका खोलीत वाढवलं, उजवलं. आणि त्याच मावशीला गोपिकेनं आठ दिवसांपूर्वी कार्ड टाकलं होतं, की यंदा नागपूरला येणं होत नाही.

मावशीला खोकला लागला होता. कसला, ते दवाखान्यातल्या गोऱ्या मेमनं सांगितलं होतं आणि मावशीनं काही न लपवता कळवलंही होतं. पुष्पी त्या खोलीत, त्या अंथरुणावर... पुढचं गोपिकेला मनातही आणवेना.

सकाळी मावशीच्या गल्लीतली जिजाबाई खानावळीचं पाणी भरताना दिसली, तेव्हा गोपिकेनं डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला होता. तेवढ्यानं भागलं नाही.

तिनं दार उघडलं. मावशी उंबऱ्यापासून चार हात मागं, जिन्याच्या कठड्याशी उभी होती. तोंडावर पदर. अंगाची पार काडी झालेली.

"मावशी, ते आम्ही... एकदमच ठरलं गं..."

"राहू दे वं. लेकराची माय हायेस तू. तुह्या जागी मी असती तं मीबी हेच केलं असतं."

"आत ये ना."

"आत येऊन काय करू? तुह्या नणंदेचे शालू मोजू?"

मावशी हसली आणि हसताहसता खोकला उसळला. भिंतीकडं तोंड करून ती बराच वेळ खोकत राहिली. गोपिकेनं नकळत दार थोडं ओढून घेतलं.

मावशी वळली. तिनं ते पाहिलं.

"पण खोटं काहून लिहिलं वं गोपे? मले सांगतलं असतं तं ही खोली मीच पाहून देली असती."

पुढं व्हावं, पायांवर डोकं ठेवावं, असं गोपिकेला फार वाटलं. पाऊल मात्र उंबऱ्याच्या आतच राहिलं.

मावशीनं जमिनीवरच्या कोऱ्या पिशवीकडं बोट दाखवलं. "संत्री हायेत. जिजीनं निवडली, जिजीनंच वर आणून ठेवली. म्या हात नाही लावला. सालीतलीच हायेत, तरी धुऊन दे."

लहानपणी हीच मावशी फोडीवरचा धागा न् धागा काढून तिला भरवायची.

आवाजानं जागी झालेली पुष्पी येऊन आईच्या लुगड्याला बिलगली. तिला पाहताच मावशीचे दोन्ही हात पुढं आले. तिथूनच, चार हातांवरूनच, तिनं ते त्या चिमुकल्या चेहऱ्यावरून उतरवल्यासारखे हवेत फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. बोटं कडाकडा वाजली.

मग ती एकेक पायरी थांबत थांबत जिना उतरून गेली.

पुष्पीनं पिशवीतलं एक संत्रं काढून दोन्ही हातांत धरलं.

"आई, आजीनं हवेतच काहून हात फिरवले? मी तं इथं होती ना?"