वहीतला कोरा रकाना

"लघवी पूर्ण झाली नाही असं वाटतं का, काका? महिन्यात किती वेळा?" नर्सबाईंनी विचारलं.

ह्यांनी माझ्याकडे पाठ केली. "छे, कधीच नाही."

"धार बारीक? थांबून थांबून?"

"बाई, सगळं सुरळीत आहे. हिलाच हौस, मला इथे आणायची."

बाईंच्या यादीतल्या सातही प्रश्नांना ह्यांचं उत्तर शून्य. मग बाईंनी तीन दिवसांची वही उघडली. किती प्यायलं, किती लघवी झाली, ते भांड्यात मोजायचं ह्यांनी, लिहायचं मी.

"दिवसातून चारदाच? मग प्रोस्टेटचा फारसा त्रास दिसत नाही. सहा महिन्यांनी या. पाण्याचा रकाना राहिला वाटतं. नेहमीसारखंच पितात ना?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

पहाटे तासभर मौनात जप हा माझा बारा वर्षांचा नेम. न्हाणीघराची वाट माझ्या आसनाजवळूनच जाते. दोन महिन्यांपूर्वी हे घाईघाईने जाताना आसनापाशी थेंब सांडले. मौन होतं म्हणून बोलले नाही, पण असं पाहिलं की ते जागीच थिजले. त्या दिवसापासून मी त्यांचा संध्याकाळचा चहा बंद केला, उशाचा तांब्या उचलला, दिवसाचं पाणीही मोजूनच देऊ लागले. त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही.

खोटं बोलायचं नाही, हाही माझा नेम. रकाना कोरा ठेवणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, अशी मी मनाची समजूत घातली होती.

"दोन पेले," मी म्हणाले. "अख्ख्या दिवसात. मीच देत नाही."

"काहीतरीच काय बोलतेस!" हे वळले. "मलाच नको असतं हो, बाई."

माझ्यासाठी खोटं बोलत होते. मान वर करवेना.

बाईंनी ह्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. ह्यांनी तो एका दमात संपवला. तहान दोन महिन्यांची होती.

"काका, पहिल्यापासून विचारू?"

"मी बाहेर बसते," मी उठले.

"बस गं." ह्यांनी घसा खाकरला. "लिहा बाई. धार बारीक. रोजच. आणि कधीकधी... पोचेपर्यंत धीर निघत नाही."

डॉक्टरांनी त्याच दिवशी तपासून गोळ्या सुरू केल्या. वही पुन्हा भरायची होती, या वेळी पोटभर पाणी पिऊन.

दुसऱ्या पहाटे मी जपाला बसले असताना हे दारात आले, मला पाहून थबकले आणि मागे वळू लागले.

"जा हो," मी म्हणाले. "सावकाश जा."

मौन मोडलं. जप मी पहिल्यापासून सुरू केला, पण त्या दोन पेल्यांच्या लाजेने देवासमोर डोळे उघडायचं धाडस झालं नाही.