देवकीचं चालणं

तिसऱ्या दिवशी तर एसटीच तिच्यासाठी थांबली.

देवकी टोकावड्याच्या बाहेर जेमतेम पोचली होती. पायात मुलाचे जुने बूट, डोक्यावरून पदर, नजर खाली. मागून माळशेजकडे जाणारी गाडी आली, पुढे जाऊन थांबली आणि कंडक्टरनं दार उघडून धरलं. तिनं हात दाखवला नव्हता. पण कंडक्टर ओळखीचा, रोज तिच्याच ढाब्यावर चहा पिणारा. मी नुसतीच चालतेय, कुठं जायचं नाही, हे त्याला सांगायला तिची जीभ रेटेना. ती मुकाट्यानं चढली, पुढच्या फाट्याचं तिकीट काढलं, तिथं उतरली आणि परतीच्या गाडीची वाट बघत झाडाखाली बसून राहिली.

आदल्या दिवशी चुलतदिरानं मोटारसायकल थांबवून तिला बळंच मागं बसवलं होतं. त्याच्या आदल्या दिवशी शेतावर निघालेल्या एका म्हातारीनं, कुणाकडे वाईट झालं का, असं विचारलं होतं. गावात बाई रस्त्यानं चालते ती डोक्यावर काही घेऊन, नाहीतर कुठं तरी पोचायला. आठवडा संपायच्या आत पिठाच्या गिरणीवर बोलणं सुरू झालं की काळूराम ढाबेवाल्याची बायको सुनेशी भांडून घर सोडून चालली होती, लोकांनी परत आणली. सून अक्षदा दळण घेऊन आली ती रडवेली होऊनच. तिच्या लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं.

"आई, तुम्ही चाला," ती म्हणाली, "पण घरात चाला."

चालायला मुरबाडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. देवकीला साखरेचा आजार निघाला होता. वीस वर्षं ढाब्याच्या गल्ल्यावर बसून अंग सुटलं होतं, गुडघे धरले होते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, भात कमी करायला सांगितला, आणि दोन गोष्टी बजावल्या. रोज चालायचं. आणि रात्री निजताना दोन्ही पाय उलटेपालटे करून बघायचे, बोटांच्या बेचक्यासुद्धा. या आजारात पायाचं दुखणं कळेनासं होतं, ते म्हणाले, आणि न दुखणारी जखमच पाय घेऊन जाते.

महिन्याभरात मुलानं, सुरजनं, घरात मशीन आणलं. टेकडीवरच्या बंगल्यातले मुंबईचे लोक बंगला विकून निघाले होते. त्यांनी जुनी ट्रेडमिल काढून टाकली, ती सुरज टेम्पोतून घेऊन आला. मागच्या पडवीत, भाताच्या कणगीशेजारी ती ठेवली. काळूरामनं भोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "एवढं चालून येऊन हितंच उतरायचं?" देवकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पहिले दिवस ती पडवीचं दार लावून, कठड्याला दोन्ही हातांनी धरून चालली.

पण मशीनमध्ये पावलं मोजायची सोय होती. दिवसाचं उद्दिष्ट किती ते अक्षदानं बटणं दाबून भरून दिलं. पाऊल पडलं की पडद्यावरचा आकडा सरकायचा, उद्दिष्ट पुरं झालं की मशीन तीनदा पिप्‌पिप्‌ करायचं आणि पट्टा आपोआप सावकाश होत थांबायचा. देवकीचं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण आकडे तिला गल्ल्यावरचे पाठ. रोज आकडा कुठवर गेला ते ती बघू लागली. पंधरा दिवसांनी अक्षदा उद्दिष्ट थोडं वाढवायची, आणि देवकी तेही गाठायची. आयुष्यात कुणी तिला अमुक एवढं केलंस, शाबास, असं म्हटलं नव्हतं. हे मशीन रोज म्हणायचं.

अडचण विजेची होती. भारनियमनात वीज यायची तेव्हाच चालायचं. मध्येच वीज गेली तर मोजलेलं सगळं पुसून जायचं. पट्टा थांबवला तरी मशीन थोडा वेळच वाट बघायचं आणि मग शून्यावर यायचं. चालता चालता कुणी हाक मारली तर देवकी ओ द्यायची, उतरायची नाही.

पाऊस लागला आणि आवणी सुरू झाली. घरामागच्या खाचरांत भाताची रोपं लावायला वाडीवरच्या बाया आल्या. त्यांना घेऊन यायची ती गुणाबाई.

गुणाबाई डोंगराच्या पायथ्याच्या वाडीतली. देवकी लग्न होऊन आली त्या पावसाळ्यात दोघी एका ओळीत वाकून आवणी करत होत्या. देवकीला तेव्हा चिखलात पाय रोवता येत नव्हता. गुणाबाईनं तिला कमरेला धरून शिकवलं, आणि सासूनं हळू हात चालतो म्हणून टोकलं तेव्हा आपल्या हातातल्या रोपांच्या मुठी तिच्या ओळीत लावून टाकल्या. पुढं ढाबा झाला, देवकी गल्ल्यावर बसली, गुणाबाई चिखलातच राहिली. तरी एकमेकींना अगो-तुगो सुटलं नव्हतं. गुणाबाईच्या शब्दावर वाडीवरच्या बाया यायच्या, ती ज्याच्या बांधावर जाईल त्याची आवणी वेळेत व्हायची.

त्या दुपारी देवकी पट्ट्यावर होती. गुणाबाई मागच्या दारात आली, चिखलानं गुडघ्यापर्यंत भरलेली, आणि पाणी मागितलं. देवकीनं चालता चालताच माठाकडे बोट दाखवलं. गुणाबाई एक तांब्या प्याली, दुसरा प्याली, तिसराही प्याली.

"तहान लई लागतंय गो हल्ली," ती म्हणाली. "वरून पावसात भिजतंय नि आत घसा कोरडा."

डॉक्टरांसमोर हेच आपण बोललो होतो, हे देवकीच्या ध्यानात आलं. तिनं नीट बघितलं. गुणाबाईच्या चोळीच्या बाह्या दंडावर ढिल्या झाल्या होत्या.

गुणाबाई मशीनकडे बघून हसत होती. बायांकडून तिनं ऐकलं होतं, बघितलं नव्हतं. पट्टा कुठून येतो, कुठं जातो, ते तिनं वाकून बघितलं. मग जरा लाजत म्हणाली, "मी चढू?"

देवकीला बरंच वाटलं. तिनं पट्टा थांबवला, खाली उतरली आणि पाय तेवढे धुऊन घे म्हणाली. गुणाबाई मोरीवर गेली. चिखल निघून गेला तसा डाव्या पायाचा तळवा दिसला. अंगठ्याच्या खाली भोक पडलं होतं. कडा पांढऱ्या फुगलेल्या, आत काळं. मोरीपर्यंत जायच्या आत देवकीला वास आला.

"काटा रुतला असंल," गुणाबाई म्हणाली. "दुखत तर नाय काय."

देवकीला कळलं. एका क्षणात सगळं कळलं, तहान, दंड, न दुखणारी जखम. डॉक्टरांचं वाक्य शब्दन्‌शब्द आठवलं. पण त्याच्याही आधी तिच्या मनात आलं ते दुसरंच होतं. त्या पट्ट्यावर आपण रोज अनवाणी चालतो, त्यावर हा पाय नको. आणि लगोलग आलं ते शेत. रोपं वाढून उंच झाली होती, दोन खाचरं रिकामी होती, गावात आवणीला माणूस मिळत नव्हतं. गुणाबाईला उद्या मुरबाडला न्यायचं म्हटलं तर वाडीवरची एकही बाई येणार नाही.

"राहू दे गो," ती म्हणाली. "वल्ल्या पायानं करंट बसंल."

गुणाबाई चटकन मागं सरकली. "हां, बरं झालं सांगितलंस," म्हणाली, आणि पदराला हात पुसत पुन्हा चिखलात उतरली.

पडदा अजून चालू होता. आकडा गेला नव्हता. देवकीनं बटण दाबलं आणि चालायला लागली. उद्दिष्ट पुरं झालं, मशीन तीनदा वाजलं.

आवणी संपली की सांगू, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. ते काही खोटं नव्हतं. पण शेवटच्या दिवशी गुणाबाई आलीच नाही. तिच्याबरोबरच्या भागीनं सांगितलं, ताप भरलाय. देवकीनं ढाब्यावरच्या डब्यातल्या तापाच्या गोळ्या कागदात बांधून भागीजवळ दिल्या. तिला डॉक्टरकडे न्या, एवढे शब्द त्या पुडीबरोबर जाऊ शकले असते. भागी पुडी घेऊन थोडी थांबलीही होती, आणखी काही निरोप आहे का म्हणून. देवकीनं नाही म्हटलं. निरोप दिला असता तर कधीपासून ठाऊक आहे ते विचारलं गेलं असतं.

नंतर पाहुणे आले, गणपती आले, घाटात फिरायला येणाऱ्यांनी ढाबा भरून गेला. भातातलं तण काढायची बेणणी झाली. त्या बायांत गुणाबाई दिसली नाही, आणि देवकीनं कुणाला विचारलं नाही.

नवरात्रात ती रक्त तपासायला मुरबाडला गेली. साखर पार खाली आली होती. डॉक्टरांनी कागद बघितला, तिच्याकडे बघितलं आणि बाहेर बसलेल्या सगळ्या पेशंटांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा, या देवकीबाई. खेड्यात राहून रोज चालतात. यांच्यासारखं सगळ्यांनी केलं तर माझा दवाखाना बंद पडेल." बाकावरचे लोक कौतुकानं बघायला लागले. देवकीला बरं वाटत होतं, ते तिनं लपवलं नाही.

तिथून एसटी स्टँडवर आली तर गुणाबाईचा मुलगा बुधू भेटला. हातात कपड्यांची पिशवी, दाढी वाढलेली. तो ठाण्याहून येत होता. आई तिथल्या मोठ्या दवाखान्यात आहे म्हणाला. पाय गुडघ्याच्या खाली कापला.

देवकीनं हातातली पिशवी बाकावर ठेवली.

"साखर व्हती म्हनं तिच्या रक्तात," बुधू सांगत होता. "आमाला काय ठाऊक, काकी. डॉक्टर बोलला, आवणीच्या टायमाला आणली असती तर अंगठ्यावर भागलं असतं. पण तिला दुखतच नव्हतं. कोनाला कळणार?"

टोकावड्याची गाडी लागली. बुधूनं तिची पिशवी वर चढवून दिली आणि स्वतः गाडीत मागं उभा राहिला. सगळा रस्ता देवकीच्या मनात एकच विचार फिरत राहिला, बुधूनं आपली पिशवी का उचलली. तिनं ती उचलू द्यायला नको होती.

पुढचे काही दिवस ती पडवीत गेली नाही. अक्षदानं दोनदा विचारलं, तब्येत बरी नाही का. तिनं गुडघ्याचं नाव सांगितलं. मग एके दिवशी आपण होऊन पट्ट्यावर चढली, कारण साखर कुणासाठी थांबत नाही हे तिला आता चांगलं ठाऊक होतं. उद्दिष्ट पुरं झालं, मशीन वाजलं आणि ती कठडा धरून उभी राहिली. संध्याकाळी तिनं सुरजला विचारलं, तो आवाज बंद करता येतो का. सुरजनं स्क्रू काढून आतली एक वायर तोडून टाकली. कशाला, असं त्यानं विचारलं नाही.

काळूरामला तिनं एकदा सांगायला सुरुवात केली होती. गुणीचा पाय मी आवणीतच बघितला होता, म्हणाली. तो जेवत होता. "तू काय डॉक्टर आहेस काय?" म्हणाला आणि आमटी मागितली. त्याला तिला मोकळं करायचं होतं, हे तिला समजलं. पण ती मोकळी झाली नाही.

भात कापणीला आला तेव्हा गुणाबाईला घरी आणल्याचं कळलं. सुरजनं मोटारसायकलवरून देवकीला वाडीच्या उतारापर्यंत सोडलं. काय न्यावं हे तिला उमगलं नव्हतं. जे हाती घ्यावं ते भरपाईसारखं दिसत होतं. शेवटी ती रिकाम्या हातांनीच गेली.

गुणाबाई ओट्यावर बसली होती. मांडीवर सुपात तांदूळ, ती निवडत होती. एक पाय समोर पसरलेला, दुसरा गुडघ्याखाली पांढऱ्या पट्टीत संपलेला. देवकीला बघून तिचा चेहरा उजळला. तिनं सुनेला हाक मारून चहा ठेवायला सांगितला, कोरा, बिनसाखरेचा. "तुला चालत नाय ना," म्हणाली. "आता मलाबी चालत नाय."

देवकी तिच्यासमोर बसली. गुणाबाई दवाखान्यातलं सांगत राहिली, शेजारच्या खाटेवरच्या बाईचं, पाय नाही तरी रात्री त्याची बोटं खाजतात त्याचं. पुढं भिवंडीला की कुठं लाकडी पाय देतात म्हणे. आणि मध्येच म्हणाली की त्या दिवशी मशीनवर चढू दिलं नाहीस ते बरं केलंस. नाहीतर लोक म्हणाले असते, देवकीच्या मशीननं पाय घेतला.

देवकीनं चहाची कपबशी खाली ठेवली.

"गुणे," ती म्हणाली, "मी बघितला व्हता तुझा पाय. करंटचं खोटं बोलले. मला कळलं व्हतं काय हाय ते."

गुणाबाईची बोटं सुपात फिरत राहिली. एक खडा निघाला, तो तिनं ओट्याखाली टाकला. मग दुसरा शोधला.

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "तुझं तोंड बघितलं व्हतं ना मी."

आत सुनेनं भांडी घासायला काढली होती, त्यांचा आवाज येत होता. गुणाबाईनं सूप एकदा पाखडलं.

"शेत लागलं व्हतं ना सगळं?"

"लागलं."

"वरची दोन खाचरं?"

"तीबी लागली."

"मग पीक चांगलं असंल औंदा," गुणाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. निदान देवकीला तरी ऐकू आला नाही, आणि तो ऐकू आला असता तर बरं झालं असतं असं तिला वाटलं.

उन्हं ओट्यावरून खाली उतरली. दोघी बसून होत्या. गुणाबाईनं मूठभर तांदूळ सुपाच्या पलीकडच्या कडेला सारले, देवकीनं हात पुढे करून ते निवडायला घेतले. आल्यापासून ती मांडी घालून, दोन्ही पाय साडीच्या आत ओढून बसली होती. त्यांना केव्हाच मुंग्या आल्या होत्या, मग ते बधिर झाले. तिनं ते पसरले नाहीत.